डायलिसिसवरच्या माणसाने पडूनच राहावे काय?



मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त यंत्रातून गाळून घ्यावे लागते. बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास. घरात असा रुग्ण असला की आपण मायेने म्हणतो, "तुम्ही नुसतं पडून राहा." ही माया नडते. मांड्या वाळतात, पोटऱ्यांतले बळ जाते आणि एक दिवस खाटेवरून उठायलाही दुसऱ्याचा हात लागतो. सगळा दोष आजाराचा नसतो. बराचसा पडून राहण्याचा असतो.

इटलीत अशा रुग्णांना डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच दोनदा, दहा-दहा मिनिटे चालायला लावले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत, सहा मिनिटांत चालण्याचे अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले. न चालणारे जवळपास होते तिथेच राहिले.

मग करावे काय? आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी हो म्हटले की :

१) डायलिसिस नसेल त्या दिवशी सपाट वाटेवर चालावे. चालता चालता बोलता आले पाहिजे. धाप लागली तर वेग जास्त झाला समजावे.

२) खुर्चीवरून सावकाश उठावे, बसावे. भिंतीला धरून टाचा उचलाव्यात. पाच वेळांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे.

३) डायलिसिस चालू असता, तिथल्या लोकांच्या देखरेखीखाली, पहिल्या दोन तासांत पाय हलवावेत. पुढे रक्तदाब उतरण्याचा संभव असतो. सुईचा हात मात्र हलवू नये.

फिस्टुलाच्या हाताने उसाची मोळी, पाण्याची घागर उचलू नये. त्या हातावर घट्ट बांगडी, घड्याळही नको. तिथली थरथर रोज बोटाने पाहावी. ती थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डायलिसिस चुकले असेल, अंगावर सूज, ताप, छातीत दुखणे वा चक्कर असेल, तर व्यायाम बंद. आणि चालून आलो म्हणून तांब्याभर पाणी पिऊ नये. चहा, ताक, आपला उसाचा रस, सारे ठरलेल्या पाण्यातच मोजायचे.

व्यायामाने मूत्रपिंड परत येत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण आपल्या पायाने उंबरा ओलांडता येणे, हेही थोडे नाही. तेव्हा घरच्यांनो, रुग्णाला खाटेवर ठेवू नका. हात धरा आणि अंगणात चार पावले त्यांच्याबरोबर चाला.