साखरेची वर्दी स्वादुपिंडाला कोण देते?

रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते, हे आपण सगळेच जाणतो. पण साखर वाढल्याची वर्दी त्याला देतो कोण? हे एकदा समजले, की आपल्या आईवडिलांच्या गोळ्यांच्या डब्यातला एक धोकाही समजतो. म्हणून आज थोडे जीवरसायनशास्त्र सांगतो.

पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली स्वादुपिंडातील पेशींच्या लहान पुंजक्यांचे वर्णन केले. या पुंजक्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करून इवल्या पिशव्यांत साठवून ठेवतात. जेवणानंतर रक्तातले ग्लुकोज या पेशींत शिरते. तिथे ग्लुकोकायनेज नावाचे विकर त्यावर पहिली प्रक्रिया करते. पुढे तंतुकणिकांत त्याचे ज्वलन पुरे होते आणि एटीपी तयार होते. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातली रोख रक्कम. ग्लुकोजच्या एका रेणूतून असे साधारण ३० रेणू मिळतात. रक्तात साखर जास्त, तर बीटा पेशीची ही कमाईही जास्त.

खरी गंमत पुढे आहे. बीटा पेशी साखर थेट मोजत नाही. ती आपली कमाई मोजते. तिच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाण्याची दारे असतात. उपाशीपोटी ती बरीचशी उघडी असतात आणि पेशी शांत असते. जेवणानंतर एटीपी वाढते, ते या दारांना चिकटते आणि दारे मिटतात. त्यामुळे आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत येते आणि इन्शुलिनच्या पिशव्या रक्तात रित्या होतात. बीटा पेशीतली ही पोटॅशियमची दारे शास्त्रज्ञांना १९८४ साली सापडली.

गोळ्या मात्र त्याआधीच बाजारात होत्या. १९४२ साली फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे विषमज्वराच्या रोग्यांना एक सल्फा औषध देताना त्यांची साखर धोकादायक उतरल्याचे डॉक्टरांना दिसले. त्यातूनच सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या आल्या: ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड. यातल्या शेवटच्या औषधाला अमेरिकेत ग्लायब्युराइड म्हणतात. या गोळ्या करतात काय, तर तेच पोटॅशियमचे दार बाहेरून लोटून घेतात. पेशीची कमाई झाली आहे की नाही, याची त्या फारशी वाट पाहत नाहीत. म्हणजे पोटात अन्न नसले, तरी इन्शुलिन सुटत राहते.

आता एकादशीचा विचार करा. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाऊन केलेला उपास हा स्वादुपिंडाच्या दृष्टीने उपास नव्हेच. तिथे साखर वाढण्याचीच भीती. पण नुसत्या पाण्यावरचा उपास करून सकाळची गोळी नेमाने घेतली, तर साखर झपाट्याने उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. वय झालेल्या माणसात याला "थकवा आला असेल" म्हणून सोडून देऊ नका.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी दोन नावे एकाच गोळीत अनेकदा दिसतात. एकटे मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतावर काम करते. त्याने साखर सहसा फार उतरत नाही. सिटाग्लिप्टिन किंवा सेमाग्लुटाइडही इन्शुलिन वाढवतात, पण साखर चढलेली असताना. पेशीच्या कमाईची वाट ती पाहतात. त्यामुळे ती एकटी घेतल्यास हा धोका कमी असतो. नाव वाचणे महत्त्वाचे आहे, ते यासाठी.

घरी एवढे जरूर करा. पाकिटावरची नावे वाचून कागदावर लिहून ठेवा. उपासाच्या किंवा लांबच्या विमानप्रवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधी विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तेही सांगा. साखर ७० च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम साखर द्या: अर्धा कप फळांचा रस किंवा साखरेचे तीन-चार चमचे पाण्यात. पेढा किंवा चॉकलेट नको, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग जेवायला घाला. या गोळ्यांचा परिणाम कित्येक तास टिकतो. एकदा सुधारलेली साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्या दिवशी माणसाला एकटे ठेवू नका आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली, तर तोंडात काही न घालता ९११ ला फोन करा.

उपास आईचा आहे आणि श्रद्धाही तिची आहे. ती मोडायची गरज नाही. फक्त गोळीचे वेळापत्रक उपासाशी जुळवून घ्यायचे आहे.