मृत्यूचे कथन कोणाचे? : यमू आणि आनंदीबाई

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू येथे स्वतःची कहाणी स्वतःच लिहिते. बालविवाह, वैधव्य, सक्तीचे केशवपन ही साखळी तिच्याच मुखातून उलगडत असल्याने तिचा मृत्यू दैवाचा घाला न वाटता रूढीचा परिणाम ठरतो.

आनंदीबाई जोशी यांचे वास्तव जीवनही अकालीच संपले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळविल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या क्षयाने निवर्तल्या. मात्र त्यांची कहाणी इतरांनी सांगितली : काशीबाई कानिटकर यांनी चरित्रातून, पुढे १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांनी 'आनंदी गोपाळ' या कादंबरीतून. कादंबरीचे शीर्षकच दांपत्याला केंद्रस्थानी आणते. १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्याचा हेतू स्वतः मांडला होता : हिंदी स्त्रियांना स्त्री-वैद्यांची निकड आहे.

करुण अंताच्या छायेत सारे आयुष्य वाचले की हा हेतू झाकोळतो. म्हणूनच अशा मृत्यूला 'शोकात्म' म्हणण्यापूर्वी त्याचा निवेदक कोण, हे अभ्यासकाने तपासणे अगत्याचे आहे.