परगांवीं गेलेला तरुण सेवक



शाळेचा अभ्यास संपल्यावर तुमच्यापैकीं कोणी शिक्षक होईल, कोणी परिचारिका होईल, कोणी वडिलांची शेती पाहील. एखादा असाहि निघेल कीं, मंडळींतील तरुणांमध्यें काम करण्याकरितां तो घर सोडून दूरच्या गांवीं जाईल. लोक त्याला तरुणसंघाचा कार्यवाह म्हणोत, शब्बाथ शाळेचा शिक्षक म्हणोत किंवा नुसते मास्तर म्हणोत. मुलामुलींचीं मनें ओळखावयाचीं, त्यांना चांगलें वळण लावावयाचें आणि त्यांच्या सुखदुःखांत जवळ उभें राहावयाचें, हेंच त्याचें काम. स्वतःच्या गांवीं तें कठीण आहे; परक्या गांवीं त्याहून कठीण. उत्साहानें गेलेला तरुण कधीं कधीं सहा महिन्यांतच सामान बांधून परत येतो. त्याची भक्ति कमी पडली असें म्हणण्याचें कारण नाहीं. बहुधा त्यानें शिकविण्यास फार लवकर आरंभ केलेला असतो, आणि शिकण्यास फार उशिरां. अशा सेवकानें आधीं पाहुणा व्हावें, मग विद्यार्थी व्हावें आणि शेवटीं शिक्षक व्हावें. हा क्रम कसा फळास येतो, हें या पाठांत पाहूं.

पूर्वीचीं तीन उदाहरणें

पहिलें उदाहरण जॉर्ज विल्यम्स यांचें. इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांतील शेतकरी कुटुंबांतला हा मुलगा १८४१ सालीं लंडनला कापडाच्या दुकानांत नोकरीस लागला. त्या काळीं असे नोकर दुकानाच्या इमारतींतच राहत. दिवसभर राबावें, रात्रीं एका खोलींत दाटीनें निजावें, आणि शहरांत आपलें असें कोणी नसावें, अशी त्यांची स्थिति होती. विल्यम्स यांना हा एकटेपणा स्वतः भोगावा लागला, म्हणून सोबत्यांना कशाची भूक आहे हें त्यांना कळलें. ते कांहीं सोबत्यांसह आपल्या निजावयाच्या खोलींत प्रार्थनेस बसूं लागले. ६ जून १८४४ रोजीं बारा तरुणांनीं मिळून जी संस्था स्थापिली, तीच आज जगभर पसरलेली वाय्. एम्. सी. ए. होय. तेव्हां विल्यम्स अवघे बावीस वर्षांचे होते.

दुसरें उदाहरण आपल्या मराठवाड्यांतील आहे. नारायण शेषाद्रि हे मुंबईंत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले ब्राह्मण तरुण. सप्टेंबर १८४३ मध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि घर तुटलें. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनच्या आश्रयास आला होता. परंतु तो अज्ञान असल्यामुळें न्यायालयानें त्यास आईबापांच्या स्वाधीन केलें. त्याला पुन्हां जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर त्या काळीं मोठा वाद माजला, आणि बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्या मुलाची बाजू घेतली. स्वतःच्या घराला मुकलेले नारायणराव १८५४ सालीं दीक्षित पाळक झाले आणि पुढें १८६० नंतरच्या काळांत निजामाच्या राज्यांतील जालन्यास गेले. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या या पंडितानें तेथें कोणामध्यें काम केलें? समाजानें अस्पृश्य ठरविलेल्या मांग-महार बंधूंमध्यें. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या कृपेनें मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. लोकांना मुंबईस बोलावण्यापेक्षां स्वतः त्यांच्या गांवीं जाऊन राहणें त्यांनीं पसंत केलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तिसरें उदाहरण वेदनायगम् सॅम्युएल अझरिया यांचें. १८७४ सालीं तिन्नेवेल्ली जिल्ह्यांत जन्मलेला हा तमिळ तरुण १८९५ पासून वाय्. एम्. सी. ए. चा कार्यवाह होता. गांवोगांवच्या तरुणांस सेवेचें आवाहन करतां करतां, आपण स्वतः घर सोडून कां जाऊं नये, हा प्रश्न त्यास पडला. १९०९ सालीं ते दोर्नकल येथें गेले. हें ठिकाणहि तेव्हां नांदेड-लातूरप्रमाणें निजामाच्या राज्यांत होतें. तेथील भाषा तेलुगु. पस्तिशीला आलेला, सभा गाजविलेला हा गृहस्थ पुन्हां मुळाक्षरें गिरवूं लागला. १९१० सालीं एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेंत त्यांनीं पाश्चात्य मिशनऱ्यांना स्पष्ट सांगितलें कीं, तुमच्या त्यागाबद्दल आम्ही कृतज्ञ आहों, पण आम्हांस तुमची मैत्रीहि हवी आहे. १९१२ सालीं ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले.

नांदेड व लातूर येथें जाणाऱ्यास

आतां नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांकडे वळूं. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, आणि कचेरीची भाषा उर्दू होती. म्हणून गांवच्या मराठींत उर्दू शब्द आजहि सुखानें नांदतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून असल्यामुळें तेथें तेलुगु कानीं पडते. उदगीर-निलंग्याच्या पलीकडे बीदर जिल्हा आहे, तेथून कानडी येते. किनवट-माहूरकडे तांड्यांवर गोरमाटी बोलतात. पुण्या-नगरकडून आलेल्या तरुणास "काय करायलास?" हा साधा प्रश्न ऐकून प्रथम हसूं येतें. तें त्यानें गिळावें. कांहीं महिन्यांनीं तोच प्रश्न त्याच्या तोंडून सहज निघाला, म्हणजे त्याचें परकेपण सरूं लागलें असें समजावें.

नांदेडास गोदावरीच्या कांठच्या या नगरींत सचखंड गुरुद्वारा आहे. पाटण्यास जन्मलेले गुरु गोविंदसिंग यांनीं १७०८ सालीं येथें देह ठेवला. तेथील लंगरांत येणाऱ्यास कोणी जात विचारीत नाहीं, गांव विचारीत नाहीं. पंक्तींत बसलेल्याच्या ताटांत वाढलें जातें. नव्या सेवकानें एकदां त्या पंक्तीस बसून पाहावें. तरुणसंघांत प्रथमच आलेल्या, दाराशीं घुटमळणाऱ्या मुलाचें स्वागत कसें करावें, याचा धडा त्याला तेथें मिळेल.

लातुरास पाण्याचें मोल शिकावें. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातुरास आली, तो दिवस तेथील लोक विसरलेले नाहींत. ज्या घरीं आपणांस तांब्या भरून पाणी मिळतें, तेथें तें कोठून व किती कष्टानें आलें हें पाहुण्यानें जाणावें. तसेंच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. आदल्याच दिवशीं गणपतींचें विसर्जन झालें होतें, लोक थकून निजलेले होते, आणि दगडमातीच्या भिंतींखालीं हजारों जीव गेले. त्या भागांतील आजच्या तरुणांनीं तें पाहिलें नाहीं. परंतु त्यांच्या आयांनीं पाहिलें आहे. एखाद्या घरीं भिंतीवरच्या जुन्या तसबिरीविषयीं विचारतांना शब्द जपून वापरावा, आणि सांगणारा सांगूं लागला तर घड्याळाकडे पाहूं नये.

लातुरांत आणखी एक गोष्ट आढळेल. 'लातूर पॅटर्न' म्हणून नांवाजलेल्या शिक्षणासाठीं बाहेरगांवचीं पुष्कळ मुलें तेथें वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. परीक्षेचें ओझें, खाणावळीचें जेवण आणि घरची आठवण या तिहींनीं तीं वाकलेलीं असतात. स्वतः घर सोडून आलेल्या सेवकाला हें दुःख समजावून सांगावें लागत नाहीं. जॉर्ज विल्यम्स यांना लंडनमध्यें जें सांपडलें, तेंच काम येथें त्याची वाट पाहत आहे.

बाहेरून येऊन या मातीशीं एकरूप झालेल्यांचें उदाहरण इतर क्षेत्रांतहि आहे. विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें जन्मलेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या व पुढें अंबाजोगाईच्या शाळेंत शिक्षक म्हणून राहिले, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले. नांदेडचें विद्यापीठ आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

पहिल्या वर्षाचे नियम

१. पहिले तीन महिने नवा कार्यक्रम काढूं नये. मुलांचीं नांवें, घरें व आवडी एका वहींत लिहाव्या. ज्याचें नांव लक्षांत राहतें, तो पुन्हां येतो.

२. पाळकांस व मंडळीच्या वडीलधाऱ्यांस विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. मागें काय करून पाहिलें व तें कां बंद पडलें, हें त्यांनाच ठाऊक असतें.

३. हंगाम ओळखावा. सोयाबीनच्या काढणींत मुलगा सभेस आला नाहीं तर त्याला आळशी म्हणूं नये; जमल्यास आपणच शेतावर जावें.

४. वर्गणीचा पैसा पैपैचा लिहावा, आणि हिशेब न मागतां दाखवावा.

५. कोणत्याहि मुलास किंवा मुलीस एकांतांत घेऊन बसूं नये. दार उघडें असावें, दुसरें वडील माणूस जवळ असावें, आणि आईबापांस ठाऊक असावें. यांत मुलांचें रक्षण आहे, तसें सेवकाचेंहि आहे.

६. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखावा. मदतीच्या बदल्यांत कोणाकडून कांहींहि अपेक्षूं नये.

७. एकटेपणा लपवूं नये. आठवड्यांतून एक दिवस घरच्यांशीं बोलण्याचा ठरवावा, आणि गांवांत एक तरी वडील मित्र असा असावा कीं ज्याच्यापुढें मन मोकळें करतां येईल.

आईबापांस दोन शब्द

मुलास दूर पाठवितांना काळजी वाटणें स्वाभाविक आहे. मानधन थोडें, ओळखी नाहींत, आजारपणांत जवळ कोण? म्हणून पाठविण्यापूर्वीं मंडळीस राहण्याची, जेवणाची, औषधपाण्याची व सुट्टीची व्यवस्था विचारून घ्यावी. हें विचारण्यांत अविश्वास नाहीं. मात्र पहिल्याच महिन्यांत तो रडवेल्या आवाजानें बोलला म्हणून लगेच "परत ये" असें म्हणूं नये. प्रथम त्याचें ऐकून घ्यावें, पाळकांशीं बोलावें, आणि पेरणीनंतर उगवण्याची जशी वाट पाहतों, तशी थोडी वाट पाहावी. परंतु त्यास खरोखर त्रास किंवा अन्याय होत असेल, तर घराचें दार उघडें आहे, हेंहि त्यास निःसंदिग्ध सांगून ठेवावें. ज्याला परतण्याची मुभा असते, तोच मोकळ्या मनानें टिकतो.

विचाराकरितां प्रश्न

१. विल्यम्स, शेषाद्रि व अझरिया यांपैकीं प्रत्येकानें घर सोडल्यावर प्रथम काय शिकून घेतलें?

२. तुमच्या वर्गांत या वर्षीं बाहेरगांवाहून कोण आलें आहे? त्याचें गांव, त्याची बोली व त्याच्या घरचीं माणसें यांविषयीं तुम्हांस काय ठाऊक आहे?

३. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नसल्यास तें कागदावर शोधूं नये. मधल्या सुट्टींत त्या सोबत्याच्या शेजारीं डबा उघडून बसावें.