सगळे हेच नेतात

गजकर्णाने कुणी मरत नाही, असं आमच्या लाइनवर म्हणतात. मरत नसेल. पण रात्रपाळीला प्रेससमोर उभं राहून जांघेतली खाज दाबून धरणं काय असतं, ते भोगलेल्यालाच विचारा. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी भागात असे कमी नाहीत. जाड कापडाचा युनिफॉर्म, सेफ्टी शूज, पत्र्याची शेड, आणि सुट्टी झाली की तोच घाम अंगावर घेऊन कंपनीच्या बसमध्ये. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचे टॉवेल तर सगळे एकाच दोरीवर.

मोशीत आमच्या घराजवळ एक मेडिकल आहे. नाव लिहीत नाही, लिहायची इच्छा मात्र फार आहे. चिठ्ठी नाही म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने चट्टा पाहिलासुद्धा नाही. ‘खाज आहे ना? मग हे घ्या. सगळे हेच नेतात.’ मी विचारलं, ‘डॉक्टरला दाखवू का आधी?’ तर हसला. ‘पाचशे रुपये फी घालवायची असेल तर दाखवा.’ बिल मागितलं, तर ‘एका ट्यूबचं कसलं बिल?’ हे सगळं मी विचारलं होतं, हे मुद्दाम सांगतोय. कारण नंतर प्रत्येक जण मलाच म्हणाला, ‘शिकलेला माणूस, तुला कळायला नको?’

गुण पहिल्याच रात्री आला. खाज बंद, लाली कमी. म्हणून तर माणूस फसतो. लावणं थांबवलं की दुप्पट उसळायचं, पुन्हा लावलं की बसायचं. चट्टा जांघेतून कमरेवर आला, मग बायकोच्या पोटावर, आणि शेवटी मुलीच्या गालावर. मुलीला घेऊन त्याच दुकानात गेलो, तर त्याने तीच ट्यूब पुढे केली. ‘लहान आहे, पातळ लावा.’ चार वर्षांच्या पोरीच्या गालाला आणि माझ्या जांघेला एकच औषध! मी ती ट्यूब तिला लावली नाही. घरी येऊन मोबाइलच्या टॉर्चखाली धरली आणि मुंगीएवढी अक्षरं वाचली. क्लोबेटासॉल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. खाली इशारा छापलेला: नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात रोज ही ओळ होती.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी चट्ट्याच्या कडेची साल ब्लेडने हलकेच खरवडून काचेवर घेतली, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवली. मग ट्यूब हातात घेऊन म्हणाल्या, ‘चारातलं एकच औषध तुमच्या कामाचं. दोन जिवाणूंसारख्या दुसऱ्या जंतूंसाठी, ते तुम्हाला नाहीतच. आणि चौथं स्टेरॉइड, लावायच्या स्टेरॉइडमधल्या सगळ्यात जहाल गटातलं.’ स्टेरॉइड खाज दाबतं तशी त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं, मग बुरशीला रान मोकळं. वरून चट्ट्याचं रूपही बदलतं, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरलाही चटकन ओळखता येत नाही. माझ्या मांडीवर जांभळट रेघा उमटल्या आहेत. त्या पुसट होतील, जाणार नाहीत.

क्लोबेटासॉल हे औषधच वाईट, असं नाही. सोरायसिससारख्या आजारात डॉक्टर ते देतात, पण ठरावीक जागेवर, साधारण दोन आठवडे, आणि चेहरा-जांघ टाळून. नियमही आहेत. २०१८ मध्ये लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, आणली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी मलमंही होती. तरी काउंटरवर काय चालतं ते वर लिहिलंच आहे. त्यात त्या ट्यूबमधलं कामाचं एकमेव औषध टर्बिनाफिन, आणि त्यालाच बऱ्याचदा दाद न देणारी एक बुरशी आता पसरली आहे. जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० मध्ये तिचं नाव ठेवलं ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’. देशाचं नाव निघालं ते असं.

आता कामाचं. मलम नुसतं चट्ट्यावर चोपडायचं नाही, कडेच्या बाहेर दोन बोटं निरोगी कातडीवरही लावायचं. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या असतील तर पोटभर जेवणानंतर घ्या, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर आधी सांगा. त्या गोळीने कॅप्सूल अंगी लागत नाही, आणि शिफ्टवाल्यांपैकी बरेच जण ती गोळी खातात. हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल तर तेही लपवू नका. घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांचे उपचार एकदम व्हायला हवेत, नाहीतर आज तू, उद्या मी. टॉवेल वेगळे, आतले कपडे कडक उन्हात वाळवलेले. स्वच्छता राखा, सुती कपडे घाला वगैरे तुम्हाला माहीतच आहे. बारा तासांच्या शिफ्टमध्ये ते कसं राखायचं, ते सांगणाऱ्याला विचारा.

राहिला डॉक्टरच्या फीचा प्रश्न. पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर तुमचे ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे दर महिन्याला कापले जातात. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयाचा हक्क त्यातूनच आलाय. ईएसआय नसेल तर संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. रांग लागते, अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

आणि ट्यूब शेवटपर्यंत पिळून, कापून फेकू नका. बॅच नंबर बहुतेक वेळा शेपटाच्या दुमडीवर असतो. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर बिल आणि तो नंबर हाताशी हवा. माझ्याकडे बिल नव्हतं. तुम्ही मात्र बिल घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.