लहान खाण कंपन्यांचे खासगी भागवाटप आणि जुन्या भागधारकांचे हित

खनिजाचा शोध घेणाऱ्या लहान कंपनीजवळ विकण्यासाठी माल नसतो. वेधनकार्य, नमुन्यांची तपासणी व कर्मचाऱ्यांचे वेतन यांवरील खर्च मात्र वर्षानुवर्षे चालू असतो. अद्याप न सापडलेल्या खनिजाच्या तारणावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. त्यामुळे नवे भाग विकून भांडवल उभारणे हाच अशा कंपन्यांचा प्रमुख मार्ग होय. ऑस्ट्रेलिया व कॅनडा या देशांत अशा शेकडो कंपन्या असून निवडक गुंतवणूकदारांना बाजारभावापेक्षा कमी किमतीत भाग देण्याची पद्धत तेथे रूढ आहे.

या सवलतीचा भार कोणावर पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कंपनीचे १,००,००० भाग असून प्रत्येकाचा बाजारभाव १० रुपये आहे. म्हणजे एकूण मूल्य १० लाख रुपये. तिने २५,००० नवे भाग ८ रुपयांस दिले, तर २ लाख रुपये जमा होतील. आता १२ लाखांचे मूल्य १,२५,००० भागांत विभागले जाईल व प्रत्येक भाग ९ रुपये ६० पैशांचा होईल. जुन्या भागधारकांचे एकंदर ४०,००० रुपयांचे नुकसान होते आणि नव्यांना नेमका तेवढाच लाभ होतो. १,००० भाग असणाऱ्याचा मताधिकारही १ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर येतो.

हेच नवे भाग सर्व जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ केले, तर चित्र पालटते. १,००० भागांचा धनी २,००० रुपये भरून २५० भाग घेईल. त्याच्या १,२५० भागांचे मूल्य १२,००० रुपये, म्हणजे पूर्वीचे १०,००० व नवे २,००० एवढेच होईल. तात्पर्य, सवलत ही स्वतः हानिकारक नाही. ती कोणाला मिळते, हा खरा प्रश्न आहे. अर्थात खासगी वाटपाने पैसा लवकर उभा राहतो, आणि त्यातून समृद्ध साठा हाती लागल्यास जुन्या भागधारकांचे नुकसान भरूनही निघते. तथापि तशी शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.

यास्तव कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. ऑस्ट्रेलियन शेअर बाजाराच्या नियमांनुसार भागधारकांच्या संमतीविना बारा महिन्यांत साधारणतः १५ टक्क्यांपर्यंतच नवे भाग देता येतात. लहान कंपन्यांना वार्षिक सभेतील विशेष ठरावाने आणखी १० टक्क्यांची मुभा मिळते. मात्र या जादा भागांची किंमत अलीकडच्या सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्क्यांहून कमी असता कामा नये.

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये दर्शनी किमतीखाली भाग देण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. निवडक व्यक्तींना भाग देण्यासाठी विशेष ठराव लागतो; म्हणजे अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी किमान किंमत ठरविण्याचे सूत्र सेबीने घालून दिले आहे.

हे संरक्षण भागधारक जागरूक असेल तरच उपयोगी पडते. सभेची सूचना आल्यावर तिच्यासोबतचे स्पष्टीकरण वाचून नवे भाग कोणाला, कोणत्या किमतीस व कोणत्या कामासाठी दिले जात आहेत, एवढे तरी पाहावे आणि मतदान अवश्य करावे. न दिलेले मत ठरावाच्या विरोधात मोजले जात नाही.