कार्याचे चित्र आणि माणसाचा आब

संस्थेचे कार्य चार लोकांपुढे यावे, अन्यायास वाचा फुटावी, म्हणून आपले कार्यकर्ते खिशातील स्मार्टफोनने छायाचित्रे व व्हिडिओ टिपतात. हेतू चांगलाच असतो. परंतु फीसाठी मदत घेणारी मुलगी किंवा सासरच्या छळाविरुद्ध दाद मागणारी भगिनी, यांचा चेहरा गावभर फिरला तर काय होईल? पहिलीस मान खाली घालावी लागेल. दुसरीच्या तर जिवावर बेतेल. या हाताचे त्या हातास कळू नये, ही आपली दानाची जुनी रीत. इस्लामच्या शिकवणीतही गुप्त दानास असेच मोठे स्थान आहे. कायदाही हेच सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, संमती. मदत हातात धरून विचारले तर गरजू माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही. तो होकार खरा नव्हे. चित्र कोठे छापले जाईल ते आधी सांगावे, आणि नकार दिला तरी मदत मिळेलच, हेही सांगावे. मुलांच्या बाबतीत पालकांसही विचारावे.

दुसरी, चौकट. पाठमोरी माणसे, कामात गुंतलेले हात, वह्यांचे गठ्ठे यांतूनही कार्य दिसते. शाळेचा बिल्ला, घराची पाटी, गाडीचा क्रमांक, मदतीच्या नोंदवहीचे उघडे पान चित्रात येऊ देऊ नये. व्हिडिओत आवाजावरूनही माणूस ओळखू येतो.

तिसरी, न दिसणारी नोंद. फोनमधील लोकेशन चालू असेल तर चित्राच्या फाइलीत वेळेबरोबर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही उतरतात. डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी हे अमेरिकी उद्योजक बेलीझच्या पोलिसांना चुकवून लपले होते. ‘व्हाइस’ने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चित्रातील अशाच नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. आश्रयास आलेल्या स्त्रीचा ठावठिकाणाही असाच फुटू शकतो. म्हणून कॅमेऱ्याचे लोकेशन बंद ठेवावे. व्हॉट्सॲपवर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ही नोंद तशीच पुढे जाते, हे विसरू नये.

चौथी, चेहरा झाकणे. नुसता धूसर केलेला चेहरा पुरेसा नव्हे. २००७ साली एका गुन्हेगाराने भोवऱ्यासारखा फिरवून लपविलेला आपला चेहरा जर्मन पोलिसांतील तज्ज्ञांनी पूर्ववत केला होता. तेथे न्यायाचे काम झाले. पण तीच युक्ती दुर्जनासही साधेल. म्हणून आरपार न दिसणारा गडद पट्टाच लावावा.

पाचवी, मूळ प्रत. अन्यायाचा पुरावा म्हणून घेतलेले चित्र खोडू नये व त्यात बदलही करू नये. तेथे वेळ-ठिकाणाची नोंद मोलाची असते. मूळ प्रत कुलूपबंद ठेवून झाकलेली प्रतच बाहेर द्यावी.

एकदा पुढे गेलेले चित्र परत बोलावता येत नाही. म्हणून पाठविण्याचे बटण दाबण्यापूर्वी आपण स्वतःस एवढेच विचारावे: या चित्रात आपली मुलगी असती, तर आपण ते पाठविले असते काय?