साहेबाचे ओटे
(दक्षिण कोकणच्या अभ्याससहलीतील एक टिपण)

आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास व भूगोल विभागांची संयुक्त अभ्याससहल यंदा सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली होती. एस.टी.च्या खास गाडीने आम्ही सायंकाळी नाशिक सोडले, सकाळी कोल्हापूर गाठले आणि फोंडा घाट उतरून दुपारी विजयदुर्गास पोहोचलो. गाडीतील भेंड्या, गाडी लागलेल्यांचे हाल वगैरे हकिकत दुसरा एक मित्र लिहिणार आहे. म्हणून ती मी येथे देत नाही.

मी निफाड तालुक्यातील खेड्यातला. समुद्र मी प्रथमच पाहत होतो. परंतु खरे सांगायचे तर समुद्राआधी माझे लक्ष दगडाने वेधले. आमच्याकडे काळा पाषाण. विहीर खणायची तर सुरुंग लावावा लागतो. येथे सारा दगड तांबडा आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. हा जांभा. भूगोलाच्या सरांनी सांगितले की, लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली व लोह, ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा जांभा झाला. खाणीत तो नरम असतो, वाऱ्याउन्हात राहिला की टणक होतो. म्हणून त्याचे चिरे जागेवरच कापून काढतात. विजयदुर्गाचे तट याच दगडाचे आहेत.

किल्ल्याचा इतिहास मोठा आहे. शिलाहार राजा भोज याच्याकडे त्याची उभारणी परंपरेने दिली जाते. पुढे महाराजांनी तो घेऊन बळकट केला, त्यानंतर आंग्र्यांचे आरमार वाघोटनच्या खाडीत वाढले. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी ते याच खाडीत जाळले. इंग्रजांना या कामी पेशव्यांची साथ होती, हे सांगताना इतिहासाचे सर क्षणभर थांबले. तुळाजी आंग्रे कसेही वागले असोत, आपल्या हाताने आपले आरमार जाळून घेणे हे मला अजून समजत नाही.

पण या टिपणाचा विषय वेगळा आहे. किल्ल्यात एके ठिकाणी काही ओटे आहेत. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. आमच्या गाईडने त्यांतल्या एकावर हात ठेवून अभिमानाने सांगितले, “सायबान हयसरच हेलियम सोधून काढल्यान!” १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने येथूनच दुर्बीण लावली, असे त्यांचे म्हणणे. त्या तारखेला दरवर्षी तेथे हेलियम दिवसही साजरा होतो. मी वहीत सारे उतरून घेतले व त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी मालवणास सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ साली पायाभरणी झालेला हा किल्ला कुरटे बेटावर आहे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचे पाणी भर समुद्रात गोड आहे. पावसाचे मुरलेले हलके पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, हे सरांनी वहीवर आकृती काढून समजावले. (उपसा जास्त झाला तर खालचे खारे वर येईल, हेही सांगितले. कांदा-द्राक्षाच्या मुलखातल्या मुलाला उपशाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.) सिंधुदुर्ग, विजयदुर्ग व आपल्या जिल्ह्यातील साल्हेर हे २०२५ साली जागतिक वारशाच्या एकाच यादीत गेले, याचा आम्हां नाशिककरांना विशेष आनंद झाला.

घरी आल्यावर मी वडिलांना हेलियमची हकिकत सांगितली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी जे सांगतो ते छापील आहे, असे वडील धरून चालतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती दूध डेअरीवर सर्वांना ऐकवली.

त्यानंतर सहलीचा अहवाल लिहिण्यासाठी मी ग्रंथालयात बसलो आणि माझी पंचाईत झाली. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. ते इंग्लंडमध्ये युद्धखात्यात नोकरी करीत. ग्रहण पाहिले ते फ्रान्सच्या जान्सन यांनी, आंध्रातील गुंटूर येथून. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटातील रेषा इतक्या ठळक होत्या की, त्या ग्रहणाशिवायही दिसतील असे त्यांना वाटले, व दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्यादेखील. हीच युक्ती लॉकियर यांनी स्वतंत्रपणे साधली, ती २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये बसून. वर्णपटातील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. त्यावरून हे मूलद्रव्य नवे आहे, असे अनुमान निघाले. पृथ्वीवर ते हाती लागले १८९५ साली, रॅम्से यांना. म्हणजे हेलियमच्या शोधाला विजयदुर्गाची गरजच पडली नव्हती.

मग ओटे कोठून आले? शोधता शोधता दुसरी तारीख सापडली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आले होते. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडील जेऊर येथे दुर्बिणी घेऊन बसले होते. हे नाव आपल्याला ठाऊक असायला हवे होते. मला तरी नव्हते. ओटे १८९८ चे असावेत असा माझा तर्क आहे. गाईडला मी दोष देत नाही. साहेब खरा, ग्रहण खरे, हेलियमही खरे. तीस वर्षांचे अंतर तेवढे पुसले गेले.

अहवालात मी दुरुस्ती केली. घरची दुरुस्ती अवघड होती. सर्व ऐकून वडील म्हणाले, “मंग तो सायेब तिथं आल्ताच नाही का?”

“आला होता. पण तीस वर्षांनी.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “उद्या डेअरीवर तूच सांग.”

मी सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. एका म्हाताऱ्या बाबांनी कॅन उचलता उचलता विचारले, “पण वटा हाये ना तिथं?”

मी म्हणालो, “आहे बाबा, ओटा आहे.”